ह्यांना कळता कामा नये

व्यायामशाळेत तिशीतला एक माणूस घाम गाळतोय. कानांवर हेडफोन. आपल्याला वाटतं, गाणी ऐकत असेल. पण कॅसेटवर त्याच्या आईचा आवाज आहे. न्यूयॉर्कमधल्या मुलासाठी तिने तैवानमध्ये बसून तो भरून पाठवलाय. घरची ख्यालीखुशाली, वडिलांची तब्येत, आणि मग फिरून फिरून तेच: लग्नाचं काय? पोरगा वजनं उचलतोय, आई बोलतेय. बंद करावं तर आईचा आवाज आणि ऐकावं तर उत्तर नाही.

आंग ली या तैवानी दिग्दर्शकाचा 'द वेडिंग बँक्वेट' हा १९९३चा सिनेमा असा सुरू होतो. समलिंगी प्रेमावरचे सिनेमे म्हटले की आंग लीच्या नावापुढे बहुतेकांना २००५चा 'ब्रोकबॅक माउंटन' आठवतो. तो मोठा सिनेमा आहेच, आणि त्यासाठी त्याला दिग्दर्शनाचं ऑस्करही मिळालं. पण त्यातले दोघे डोंगरात एकटे असतात. 'वेडिंग बँक्वेट'मधले दोघे एकटे नसतात, त्यांच्या घरी आईवडील येऊन राहतात. मला हा जास्त अवघड सिनेमा वाटतो. हसता हसता बघून होतो, म्हणून तो अवघड आहे हे चटकन ध्यानात येत नाही इतकंच.

गोष्ट अशी. वाय-तुंग गाओ मॅनहॅटनमध्ये सायमन नावाच्या अमेरिकन जोडीदाराबरोबर राहतो. जुन्या इमारती घ्यायच्या, नीट करायच्या, भाड्याने द्यायच्या हा त्याचा धंदा. सायमन फिजिओथेरपिस्ट आहे. दोघांचा संसार चांगला मुरलेला. तैवानला मात्र यातलं काहीच ठाऊक नाही. वडील सैन्यातून निवृत्त झालेले मोठे अधिकारी, चीनमधून तैवानला आलेल्या पिढीतले. एकुलता एक मुलगा. नातू हवा.

आईवडील तैपेईतल्या एका विवाहमंडळात त्याचं नाव घालतात आणि छापील अर्ज न्यूयॉर्कला पाठवतात. वाय-तुंग आणि सायमन मिळून त्यावर अशक्य अटी लिहितात. मुलगी उंच हवी, डॉक्टरेट केलेली हवी, अनेक भाषा बोलणारी हवी आणि ऑपेरा गाणारी हवी. विवाहमंडळ अशी मुलगी शोधून काढतं! ती बिचारी न्यूयॉर्कला येते, गाते, आणि मग दोघांना कळतं की तिचाही एक अमेरिकन मित्र आहे आणि तिच्याही घरी पत्ता नाही. दोघं पोट धरून हसतात. आपल्याकडे कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात, 'तुम्ही दोघं जरा बोलून घ्या' म्हणून गच्चीवर पाठवल्यावर असे किती जण एकमेकांना खरं सांगून मोकळे झाले असतील, कोण जाणे.

हा प्रसंग बघताना मला दर वेळी मुंबईतली ती जाहिरात आठवते. २०१५च्या मे महिन्यात पद्मा अय्यर या आईने आपल्या मुलासाठी, हरीश अय्यर यांच्यासाठी, 'मिड-डे'मध्ये स्थळ मागितलं. वर हवा होता. वय पंचवीस ते चाळीस, शाकाहारी, प्राण्यांवर प्रेम करणारा. जातीची अट नाही, पण अय्यर असल्यास प्राधान्य! या शेवटच्या अटीवर तेव्हा खूप टीका झाली, आणि ती रास्तच होती. तरी मला त्यात गंमतही दिसते. त्या आईने मुलाचं गे असणं थेट आपल्या नेहमीच्या स्थळांच्या वहीत नेऊन बसवलं. तिथल्या खोडी, तिथली जात, तिथलं 'चांगल्या घरातला', सगळ्यासकट. १९९३मधल्या आईने विवाहमंडळाचा अर्ज पाठवला तो आपला मुलगा मुळात कोण आहे हे माहीत नसताना. बावीस वर्षांनी दुसरी आई तोच अर्ज सगळं माहीत असताना भरते.

तर सायमन एक तोडगा काढतो. वाय-तुंगची एक भाडेकरू आहे, वेई-वेई. शांघायहून आलेली चित्रकार, हातात पैसा नाही, कागदपत्रांचा पत्ता नाही, ग्रीन कार्ड हवंय. तिच्याशी कागदोपत्री लग्न करायचं. तिचं काम होईल, आईवडील खूश, आणि करात सवलत मिळेल ते वेगळंच. वाय-तुंग कळवतो की लग्न ठरलं. आईवडील म्हणतात, येतो.

मग घर 'साफ' करण्याची धांदल उडते. मला ही धांदल फार आवडते, कारण कुठलंही भाषण न देता ती बरंच सांगते. भिंतीवरचे दोघांचे फोटो उतरतात आणि त्या जागी वडिलांनी स्वतः लिहिलेल्या सुलेखनाच्या गुंडाळ्या चढतात. मुलाने त्या इतकी वर्षं अडगळीत ठेवलेल्या. एका प्रेमाच्या खुणा काढायच्या आणि दुसऱ्या प्रेमाच्या लावायच्या, दोन्ही खऱ्याच. सायमन आता घरमालक म्हणून मिरवणार. स्वयंपाक तोच करतो, वाढते वेई-वेई. सासूबाईंना सूनबाईंच्या हाताची चव आवडते.

लग्न न्यूयॉर्कच्या सिटी हॉलमध्ये होतं, दोन मिनिटांत. वेई-वेईला इंग्रजी शपथ नीट म्हणताही येत नाही. आई रडते. एकुलत्या एका मुलाचं लग्न आणि ना पाहुणे, ना मानपान, ना जेवण. नंतर सगळे एका चिनी हॉटेलात जातात, आणि मालक निघतो वडिलांच्या हाताखालचा जुना ड्रायव्हर. साहेबांना पाहून तो ताठ उभा राहतो. आता स्वतः मालक असला तरी साहेबांसमोर बसायला तयार नाही. साहेबांच्या मुलाचं लग्न असं कोरडं व्हावं, हे त्याला सहन होत नाही, आणि तो मेजवानी देण्याचं ठरवतो. नाही म्हणायची सोय नसते.

मेजवानीचा तो लांबलचक भाग सिनेमाचं पोट आहे. दारू वाहतेय, टेबलाटेबलावरून आरोळ्या उठतायत, नवरीच्या डोळ्यांवर पट्टी बांधून खेळ चाललेत. नवरदेवाला प्रत्येक पाहुणा पाजतोय. सायमन करवल्यासारखा बाजूला उभा राहून स्वतःच्याच माणसाचं लग्न बघतोय. एक गोरा पाहुणा अचंब्याने म्हणतो, मला वाटायचं चिनी माणसं शांत, गणिती डोक्याची असतात. त्यावर शेजारचा एक जण उत्तर देतो की पाच हजार वर्षांच्या लैंगिक दडपणुकीचं फळ बघताय तुम्ही. तो शेजारचा म्हणजे खुद्द आंग ली. दिग्दर्शकाने स्वतःसाठी राखून ठेवलेलं हे एकच वाक्य!

पाहुण्यांचा जथा रात्री हॉटेलच्या खोलीतही घुसतो. अट अशी की नवराबायकोने पांघरुणात शिरून एकेक करत अंगावरचे कपडे बाहेर टाकायचे, मगच आम्ही जाऊ. ते टाकतात. पाहुणे जातात. आणि मग जे होतं ते दिग्दर्शकाने विनोदाच्या सुरातच ठेवलंय. वाय-तुंग शुद्धीत जेमतेम आहे, 'काय करतेयस' म्हणतोय, आणि वेई-वेई म्हणते, तुला मुक्त करतेय. आज हे बघताना हसू अडतं. त्याने होकार दिलेला नाही, एवढं तर दिसतंच. पण मला त्या खोलीतला सगळ्यात मोठा दोषी वेई-वेई वाटत नाही. ज्या दोनशे माणसांनी हसत हसत त्या दोघांना पांघरुणात ढकललं, त्यांच्याकडे बोट जातं. लग्न हा दोघांचा मामला नसतोच मुळी, गावाचा असतो, असं आपण कौतुकाने म्हणतो. त्या 'गावाचा'चा हा अर्थ.

वेई-वेईला दिवस जातात. नाश्त्याच्या वेळी बातमी फुटते आणि सायमनचा तोल सुटतो. हा प्रसंग नीट बघण्यासारखा आहे. टेबलाशी आईवडील बसलेत. वाय-तुंग, सायमन आणि वेई-वेई भांडतायत, पण इंग्रजीत. म्हणजे म्हाताऱ्यांना कळायला नको. फसवलंस, किती वेळा, माझ्याच घरात, सगळं त्या दोघांच्या डोक्यावरून इकडून तिकडे फेकलं जातंय. आई भांबावून एकेकाच्या तोंडाकडे बघते. वडिलांचा चेहरा मात्र पाटीसारखा कोरा.

आपल्या घरांतही ही युक्ती जुनीच. आजीला कळू नये म्हणून आईबाबा हॉस्पिटलचं बिल इंग्रजीत बोलायचे, आणि आजी संध्याकाळी मला विचारायची, 'किती लाख झाले गं?' म्हाताऱ्या माणसांना भाषा येत नसेल, पण कुणाच्या आवाजात कुणावर किती हक्क आहे हे कळायला भाषा लागत नाही. 'माझ्या घरात' असं कोण कुणाला ओरडून म्हणू शकतं? घरमालक भाडेकरूच्या बायकोच्या पोटावरून इतका कशाला चिडेल?

पुढे वडिलांना सौम्य झटका येतो, आणि इस्पितळातच वाय-तुंग आईला खरं सांगून टाकतो. सायमन मित्र नाही, जोडीदार आहे. आई पहिल्यांदा तेच विचारते जे जगातल्या बहुतेक आयांनी विचारलं असेल: त्याने नादी लावलं का तुला? नाही, तो म्हणतो, मी पहिल्यापासून असाच. आई खचते, रडते, आणि मग डोळे पुसून जे सांगते त्याचा आपल्या भाषेतला अर्थ एकच: ह्यांना कळता कामा नये.

बाईची सगळी हुशारी आता त्या एका कामाला जुंपली जाते. नवऱ्यापासून लपवायचं. मनात आशा आहे की मूल झालं की मुलगा 'ताळ्यावर' येईल. तिला सांगितलं गेलंय, तोंडावर, स्पष्ट शब्दांत. सांगावं, मोकळेपणाने बोलावं, म्हणजे माणसं स्वीकारतात, असं आपण मानतो ना? हिला सांगितलं आणि हिने स्वीकारलं नाही. वाईट बाई नाही ती. ग्वा आ-लेई या अभिनेत्रीने तिला इतकं जिव्हाळ्याचं केलंय की तिच्यावर रागावता येत नाही. सायमनशी ती चांगलीच वागते. पण तिच्या लेखी तो आपल्या मुलाला झालेली एक अडचण आहे.

आणि ज्यांना कळता कामा नये, त्यांचं काय?

सायमन फिजिओथेरपिस्ट, त्यामुळे बरं होत असलेल्या वडिलांना फिरवून आणायचं काम त्याचं. दोघं पाण्याकाठी येऊन बसतात. आणि म्हातारा खिशातून लाल पाकीट काढून सायमनच्या हातात देतो, वाढदिवसाचं म्हणून. इंग्रजीत. आतापर्यंत या माणसाने इंग्रजीचा गंध नसल्यासारखं दाखवलेलं असतं. लाल पाकीट चिनी घरात मोठी माणसं धाकट्यांना देतात, सणाला, लग्नाला, आपल्या माणसांना. सायमनची बोबडी वळते. म्हणजे तुम्हाला माहीत आहे? म्हातारा तुटक इंग्रजीत सांगतो की मी बघतो, ऐकतो, शिकतो. वाय-तुंग माझा मुलगा, म्हणून तूही माझा मुलगा.

इथे दुसरा दिग्दर्शक असता तर संगीत चढवलं असतं, मिठी मारायला लावली असती आणि सिनेमा संपवला असता. आंग ली तसं करत नाही. म्हातारा पुढे अट घालतो. हे वाय-तुंगला कळायचं नाही, त्याच्या आईला नाही, वेई-वेईला नाही. का, सायमन विचारतो. घराण्यासाठी. आणि मग तो चिनीत, सायमनला समजणार नाही अशा भाषेत, म्हणतो की मी त्यांना खोटं बोलू दिलं नसतं तर मला नातू कसा मिळाला असता? सायमन म्हणतो, समजलं नाही. नाश्त्याच्या टेबलावर मुलांनी जे केलं, तेच आता बाप करतोय. दुसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत खरं बोलून घेतोय.

या एका प्रसंगात प्रेम आहे आणि डावपेचही आहेत, आणि दोन्ही सुटे करता येत नाहीत. सेनापती माणूस. शत्रूच्या छावणीत बसून त्याने सगळी हालचाल टिपली, कुणालाही सुगावा लागू दिला नाही, आणि हवं ते पदरात पाडून घेतलं. याच माणसाने तरुणपणी ठरवलेलं लग्न टाळण्यासाठी घरातून पळून सैन्यात नाव घातलं होतं, हे तो स्वतःच मुलाला सांगतो. लग्नातून पळालेला बाप मुलाला लग्नात पकडतो. सिहुंग लुंग या नटाने हे सगळं जवळजवळ पापणीच्या हालचालीवर पेललंय. आंग लीच्या पहिल्या तीन सिनेमांत, म्हणजे 'पुशिंग हँड्स', हा, आणि 'ईट ड्रिंक मॅन वुमन' यांत, बाप तोच आहे. तिन्ही मिळून बापांची त्रयी म्हणूनच ओळखली जाते.

त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये समलिंगी चळवळीची सगळ्यात गाजलेली घोषणा होती, 'मौन म्हणजे मृत्यू'. १९८७पासून ती भिंतीभिंतींवर होती. एड्सने माणसं मरत होती, सरकार गप्प होतं, घरचे गप्प होते, आणि त्या गप्प बसण्यानेच जीव जात होते. 'फिलाडेल्फिया' हा हॉलिवूडचा सिनेमाही १९९३चाच, त्यातला नायक एड्सने जातो. त्याच न्यूयॉर्कमध्ये, त्याच काळात घडणाऱ्या 'वेडिंग बँक्वेट'मध्ये कुणी मरत नाही आणि एक म्हातारा मौनाच्या आडोशाने मुलाच्या जोडीदाराला घरात घेतो. घोषणेच्या नेमकं उलट. म्हणून अनेकांना हे शहाणपण वाटतं. पूर्वेकडची रीत, न बोलता समजून घेणं, वगैरे.

मला त्याचं इतकं कौतुक करवत नाही, आणि त्याला कारण आमच्या घरातलं आहे.

आईचे एक मावसभाऊ होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. लग्न केलं नाही. त्यांच्या बरोबर त्यांचे एक मित्र राहायचे, ऑफिसातले, त्यांना आम्ही काका म्हणायचो. एका घरात मामा आणि काका! लहानपणी आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरातल्या प्रत्येक लग्नाची पत्रिका दोघांना मिळून जायची. दोघं यायचे, सारख्या किमतीचा आहेर करायचे, पंगतीत शेजारी बसायचे. काकांना डायबिटीस, म्हणून मामा त्यांच्या ताटातली जिलबी उचलून आपल्या ताटात घ्यायचे. समोर बसलेल्या माझ्या आजीने हे शेकडो वेळा पाहिलं असेल. दिवाळीला ती दोघांसाठी वेगवेगळे डबे भरायची, एकात बिनसाखरेचं. कुणी कधी काही विचारलं नाही. आमच्याकडच्या मोकळ्या वातावरणाचं उदाहरण म्हणून मी हे मैत्रिणींना सांगायचेही.

मग मामा गेले. पेपरात निधनवार्ता आली. 'त्यांच्या पश्चात दोन बहिणी, भाचे, भाच्या असा परिवार आहे.' अग्नी भाच्याने दिला. काका मागे, सोसायटीतल्या लोकांत उभे होते. फ्लॅट मामांच्या नावावर होता. कुणी त्यांना बाहेर काढलं नाही, तसली माणसं नाहीत आमच्याकडची. पण 'तुम्हाला हवं तितके दिवस राहा' असं त्यांना सांगण्यात आलं. पस्तीसएक वर्षं ज्या घरात गॅसचा नंबर लावला, त्या घरात हवं तितके दिवस. काकांनी काही महिन्यांनी आपल्या गावी जाणं पसंत केलं.

सगळ्यांना सगळं माहीत होतं. प्रेम होतं, डबे होते. फक्त जेव्हा कागदावर एक ओळ लिहायची वेळ आली, तेव्हा ती लिहायला कुणाकडे शब्द नव्हता, कारण आयुष्यभर तो कुणी तोंडातून काढलाच नव्हता. म्हणून गाओसाहेब सायमनला पाकीट देतात तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की उद्या वाय-तुंगला काही झालं, तर हे पाकीट सायमन कुठल्या खिडकीवर दाखवणार?

या मौनाचं बिल सायमनपेक्षाही वेई-वेईच्या नावावर फाटलंय. गर्भपातासाठी निघालेली ही मुलगी वाटेतच मन बदलते, मूल ठेवायचं ठरवते, आणि सायमनला म्हणते, तूही राहा, तूही याचा बाप हो. वाचताना छान वाटतं. तीन जणांचं नवं कुटुंब, आधुनिक, प्रेमळ. पण बघा, कोण काय घेऊन जातं. म्हाताऱ्याला नातू मिळाला. आईला आशा मिळाली. वाय-तुंगला दोन्ही घरं मिळाली. सायमनला त्याचा माणूस परत मिळाला. चित्रकार व्हायला आलेल्या वेई-वेईला मिळालं एक मूल, जे तिने मागितलं नव्हतं, आणि नवरा, जो तिचा नाही. विमानतळावर निघताना वडील तिला सांगतात की गाओ घराणं तुझं ऋणी राहील. सासऱ्याने सुनेला म्हणण्याची ही किती आदराची गोष्ट, आणि किती हिशेबाची. घराण्याच्या नावावर जमा, तिच्या नावावर खर्च. सिनेमाला हे कळतं की नाही, याबद्दल मी अजून ठाम नाही. वेई-वेई झालेल्या मे चिनचा चेहरा बघितला की वाटतं, तिला तरी कळलंय.

हा सिनेमा बनला कसा, तेही सांगण्यासारखं आहे. आंग लीचे वडील शाळेचे मुख्याध्यापक, चीनमधून तैवानला आलेले, मुलाने सिनेमात जाऊ नये अशा मताचे. अमेरिकेत शिकून आंग ली सहा वर्षं बिनकामाचा घरी बसला होता. बायको कमवायची, हा घर सांभाळायचा आणि पटकथा लिहायचा. १९९०मध्ये त्याने तैवान सरकारच्या पटकथा स्पर्धेला दोन संहिता पाठवल्या. 'पुशिंग हँड्स'ला पहिला आणि 'वेडिंग बँक्वेट'ला दुसरा क्रमांक मिळाला. पैसे घातले ते तिथल्या तेव्हाच्या सत्ताधारी कुओमिंतांग पक्षाच्या मालकीच्या चित्रपट कंपनीने. म्हणजे गाओसाहेब ज्या पक्षाच्या सैन्यात असणार, त्याच पक्षाच्या पैशातून त्यांच्या गे मुलाची गोष्ट निघाली. नायक विन्स्टन चाओ तर तोवर विमानात प्रवाशांची सरबराई करायचा, सिनेमात कधी उभा राहिला नव्हता. खर्च दहा लाख डॉलरच्या आसपास, कमाई दोन कोटींच्या वर. बर्लिनच्या महोत्सवात गोल्डन बेअर विभागून मिळालं, ऑस्करचं नामांकन मिळालं.

तैवानमध्ये पुढे काय झालं ते आता इतिहासात आहे. २०१७च्या २४ मे रोजी तिथल्या घटनापीठाने निकाल दिला की समलिंगी जोडप्यांना लग्न नाकारणं घटनेला धरून नाही, आणि बरोबर दोन वर्षांनी, २४ मे २०१९ला, आशियात पहिल्यांदा अशी लग्नं नोंदली जाऊ लागली. पहिल्याच दिवशी पाचशेहून जास्त. गाओसाहेबांचं पाकीट दाखवायला अखेर एक खिडकी उघडली. आपल्याकडे सप्टेंबर २०१८मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा फास सुटला, पण ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लग्नाच्या मागणीवर हा विषय संसदेचा असं म्हटलं. आमच्या काकांची अवस्था आज एखाद्या तरुण जोडप्यावर आली तर कायद्याच्या दृष्टीने फार काही बदललेलं नाही. मृत्युपत्र करून ठेवा, एवढंच वकील सांगतील.

२०२५मध्ये या सिनेमाची नवी आवृत्ती आली. दिग्दर्शक अँड्र्यू आन, जागा सिअ‍ॅटल, आणि लेखकांत जुन्या सिनेमाचेच जेम्स शेमस. आता एक नाही, दोन जोडपी आहेत, एक मुलांचं आणि एक मुलींचं. त्यात कोरियाहून आजी येते, युन यू-जुंग या अभिनेत्रीने केलेली. ती बनाव फार काळ चालू देत नाही, तिला चटकन कळतं, आणि ती ते बोलून दाखवते. जुन्या सिनेमात म्हाताऱ्याने जे महिनाभर पोटात ठेवलं, ते नव्या सिनेमात आजी तोंडावर म्हणते. पिढी बदलली म्हणतात ती अशी, तरुणांपेक्षा म्हाताऱ्यांत जास्त दिसते.

पण मला त्यातली जास्त पटलेली बाई वेगळी आहे, जोन चेनने केलेली. समलिंगी मुलीची ही आई आता मुलीच्या बाजूने इतकी उभी आहे की समारंभात तिला त्याबद्दल पुरस्कार मिळतो. स्टेजवर टाळ्या, फुलं. आणि मुलगी खाली बसून बघतेय, जिला याच आईने एकेकाळी दूर लोटलं होतं, आणि ज्याबद्दल दोघी अजून धड बोललेल्या नाहीत. स्वीकार आता मिरवता येतो, त्याचे फोटो टाकता येतात, आणि तरी मूळ गोष्ट तशीच बोलायची राहून जाऊ शकते. १९९३मध्ये न बोलून लपवत होते, आता बोलूनही लपवता येतं. ही पात्रं मी आसपास पाहिलीत. प्रोफाइलवर इंद्रधनुष्य लावणाऱ्या आणि पोराच्या मित्राला अजून 'रूममेट' म्हणणाऱ्या.

जुना सिनेमा मी आईला दाखवला, सबटायटलं वाचून वाचून. मामांचा विषय निघेल असं वाटलं होतं, तो तिने काढला नाही. म्हातारा पाकीट देतो तिथे ती 'बघ, मला वाटलंच होतं' म्हणाली. मग शेवट आला. विमानतळावर सुरक्षा तपासणीत गाओसाहेब दोन्ही हात वर करतात आणि चित्र संथ होत जातं. समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिलीत की सेनापतीने शरणागती पत्करली. आईला त्यात काही रस नव्हता.

"आता हे दोघं विमानात बसणार," ती म्हणाली. "तिला माहीत आहे आणि वाटतंय ह्यांना माहीत नाही. ह्यांना माहीत आहे आणि वाटतंय तिला माहीत नाही. कितीला पोचतात तैवानला?"

"पंधरासोळा तास तरी लागत असतील."

"मग सांगून टाकलं असणार तिने. जेवण आलं की."

मी म्हणाले, नाही सांगणार, ती बाई मरेपर्यंत सांगणार नाही.

"तुला काय माहीत," आई म्हणाली, "तुझी आजी बोलायची बरं का माझ्याशी, मामांबद्दल. डबे भरताना सगळं बोलायची. फक्त त्या दोघांसमोर नाही."

"मग त्यांना का नाही कधी म्हणाली?"

आईने चष्मा काढून पुसला. "मलाही तिने सांगितलं होतं, तुझ्या बाबांना बोलू नकोस म्हणून," ती म्हणाली. "आणि त्यांना तर मामांनी स्वतःच सांगितलेलं होतं, आमच्या लग्नाच्या आधी."